मागे जाणारा हात

कांजूरमार्गला आजही कुणी माझं नाव काढलं तर समोरचा आधी डोळा मिचकावतो आणि मग म्हणतो, "तो ना, मिलिटरीत सेटिंग करणारा." मी मिलिटरीत कधीही कसलंही सेटिंग केलेलं नाही. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा आणि इतक्या वरच्या आवाजात बोललोय, की आता ते ऐकूनच लोकांना संशय येतो. बायको म्हणायची, जरा हळू सांगितलं असतं तर कुणीतरी विश्वास ठेवला असता. पण हळू बोलून मला कधी काही मिळालेलं नाही. म्हणून यंदा लिहून सांगतोय. कागदावर आवाज चढत नाही.

माझा धंदा बाद मालाचा. लष्कराच्या डेपोतून जुना झालेला माल लिलावात निघतो. बूट, ताडपत्र्या, दोर, पाठीवरच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या. बोली लावून तो उचलायचा, धुऊन-शिवून विकायचा. मिसरूड फुटायच्या आत मालवणहून आलो, दुसऱ्याच्या दुकानात झाडू मारला आणि पुढे कांजूरमार्ग स्टेशनच्या पूर्वेला स्वतःचं शटर उघडलं. शाळा जेमतेम, घासाघीस मात्र पदवीपर्यंत. बायको गावी घर आणि कलमं सांभाळायची, मी दुकानाच्या पोटमाळ्यावर झोपायचो. ऐंशीच्या दशकात आमच्या बाजूच्या पुष्कळ कोकणी पुरुषांचं असंच होतं, त्यामुळे त्याचं मला फार वाटायचं नाही. रविवारी वाटायचं, तेवढंच.

डेपोत लिलाव कधी वेळेवर सुरू झाला नाही. आम्ही व्यापारी झाडाखाली बसायचो आणि समोरच्या मैदानात जवानांची परीक्षा चालायची. लोकांना वाटतं, एकदा भरती झाली की सुटलो. तसं नसतं. नोकरीत असलेल्या जवानालाही पुन्हा पुन्हा पास व्हावं लागतं. पायात बूट, पाठीवर पिशवी, हातात रायफल, असं धावायचं. उभ्या दोरावर चढायचं. नऊ फुटांचा खड्डा उडी मारून ओलांडायचा. वयाने थोराड हवालदार दोराच्या मध्यावर लटकून देवाचं नाव घेताना मी पाहिलेत. खाली त्यांना शिकवणारा उभा असायचा. त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. बाकीचे व्यापारी पत्ते कुटायचे, मी बघत बसायचो. फुकट मिळणारी कुठलीच गोष्ट मी सोडत नाही, शिकवणीसुद्धा.

मग गिरण्या बंद पडल्या आणि आमच्याकडच्या चाळींतली पोरं भरतीला जायला लागली. जायची आणि तशीच परत यायची. एकदा दुकानात बूट बघायला आलेल्या एकावर मी चिडलो. "अरे, काही शिकून जाल की नाही? म्हशीसारखे जाता, म्हशीसारखे येता."

तो म्हणाला, "मग शिकवा ना."

अशी सुरुवात झाली. बूट माझ्याच दुकानातून घ्यायचे ही पहिली अट. न सांगता दांडी मारली तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत शिव्या खायच्या ही दुसरी. मी लष्करात एक दिवसही नव्हतो, तरी पोरं मला उस्ताद म्हणायला लागली. मी त्यांना थांबवलं नाही.

मैदान म्हणून मी हायवेपलीकडची मिठागरं धरली. मिठागराचा मुकादम आधी बांधावर पाय ठेवू देईना. मी त्याच्याकडे तीन-चार फेऱ्या मारल्या, त्याची अडचण शोधून काढली. पावसाआधी मिठाचे ढीग झाकायला त्याला ताडपत्री पुरत नव्हती. मी डेपोतली फाटकी ताडपत्री शिवून दिली, त्याने बांध दिले. तिथला एक पाट बरोबर भरतीतल्या नऊ फुटी खड्ड्याएवढा रुंद होता. उडी कमी पडली तर गुडघाभर काळा चिखल. पंच वेगळा नेमायची गरज नव्हती.

भरतीची परीक्षा लांबून साधी वाटते. उंची, वजन, छाती मोजतात. मग मैलभर धावणं. मग बीम, म्हणजे आडव्या लोखंडी दांड्याला लटकून हनुवटी वर नेणं. मग नागमोडी फळीवरून तोल सांभाळत चालणं. आणि खड्डा. यात पैलवान कुठेच लागत नाही. सांगितलेलं सांगितल्यासारखं करणारा माणूस लागतो, आणि आमच्याकडे तोच कमी.

मुलुंडचा एक काडीपैलवान होता. वजन भरावं म्हणून त्याने कुणाचं तरी ऐकून तराजूवर चढण्याआधी केळ्यांची फणी संपवली आणि वर तांब्या-तांब्याने पाणी प्यायला. वजन भरलं. पण त्यानंतर धावायचं असतं हे गडी विसरला होता. पहिल्याच वळणावर सगळी केळी परत आली.

घाटकोपरच्या एकाला मी छाती फुगवायला शिकवलं होतं. तिथे आधी श्वास सोडून छाती मोजतात, मग भरून मोजतात, आणि दोन्हींत ठरलेला फरक दिसावा लागतो. हा रांगेत लागल्यापासूनच छाती भरून उभा. डॉक्टर म्हणाले, सोड श्वास. हा सोडेना. त्याला वाटलं आपल्याला फसवतायत. टेप दोन्ही वेळा तेवढीच भरली. बाहेर आला तेव्हा चेहरा टोमॅटोसारखा. मला म्हणतो, "उस्ताद, बघितलंत? शेवटपर्यंत सोडली नाही." कानाखाली वाजवायला उचललेला हात मी तसाच डोक्यावर ठेवला. दुसरं काय करणार?

काहींना मी शिकवायच्या आधीच परत पाठवायचो. दुकानाच्या लादीवर ओला पाय ठेवायला सांगायचो. सगळा तळवा उमटला तर पाय सपाट. डॉक्टर घेणार नाहीत, उगाच घाम गाळू नकोस, असं तोंडावर सांगायचो. त्यातला एक बापाला घेऊन आला. बाप म्हणाला, "शेठ, आकडा बोला ना, पायाचं काय घेऊन बसलात?" मी त्याला शटरबाहेर घातला. त्याने गल्लीत सांगितलं की माझा आकडा फार मोठा आहे.

या कामाची एक गोष्ट मला उशिरा कळली. पास झालेला पोरगा निघून जायचा, एखादं पत्र टाकायचा, मग तेही बंद. नापास झालेला गल्लीतच राहायचा, पण मला बघून रस्ता ओलांडायचा. म्हणजे माझं शिकवणं फळो नाहीतर फसो, संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर मी एकटाच.

या सगळ्यांत ज्याच्यासाठी मी खरा भांडलो तो वसंत गावडे. आमच्यासाठी वश्या. दुकानामागच्या चाळीत आई आणि दोन बहिणींबरोबर राहायचा. बाप गिरणी बंद पडल्यावर गावी गेला तो तिकडेच राहिला. घरात कमावणारं कोणी नाही आणि वश्याला येणारी एकच गोष्ट, कबड्डी. आमच्या गल्लीच्या मंडळाचा तो चढाईचा गडी. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या मंडळांना त्याचा हात माहीत होता.

हात म्हणजे काय, ते सांगतो. चढाईला गेलेला गडी समोरच्यांच्या पकडीत सापडला की त्याचा एकच इलाज उरतो. अंग कुठेही पडो, हात लांबवून मधली रेषा गाठायची. हात लागला की तो सुटला, आणि ज्यांनी धरलं ते सगळे बाद. वश्याच्या अंगावर चार जण पडलेले असायचे, त्यांच्याखालून सापासारखा त्याचा हात निघायचा आणि रेषेवर टेकायचा. डोळे मिटलेले असले तरी टेकायचा. पोरं वेडी व्हायची.

भरतीला तो माझ्याकडे चांगला तयार झाला होता. बोरिवलीच्या बाजूला एका मैदानावर भरती होती. मी बांबूच्या कुंपणाबाहेर उभा होतो. छाती झाली, वजन झालं. धावण्यात पहिल्या घोळक्यात आला. बीमवर लोंबकळत नाही, नाचतोय असं वाटत होतं. फळीवरूनही नीट गेला. मग खड्डा. धावत आला, उडी घेतली, पाय पलीकडे काठाच्या चांगले पुढे पडले. आणि त्याच क्षणी त्याचा उजवा हात मागे गेला आणि खड्ड्याच्या काठाला लागला.

रेषेला हात लावला त्याने.

सुभेदाराने शिट्टी मारली. खड्ड्यात किंवा काठावर हात टेकला की नापास, हा नियम. वश्याला कळेनाच काय झालं. तो चढाई मारून आल्यासारखा हसत उभा होता.

मी बांबूखालून आत शिरलो. सुभेदार साताऱ्याकडचा होता, मिश्या पांढऱ्या व्हायला लागलेल्या.

"साहेब, पाय बघा त्याचे कुठे पडलेत."

"हात कुठं पडला ते बघितलं मी."

"तो तोल गेला म्हणून नाही पडला. पोरगा कबड्डी खेळतो. सवयीने गेला."

"हितं कबड्डी न्हाई, खड्डा हाय."

"एक चान्स द्या."

"तुम्ही कोण?"

"त्याचा उस्ताद."

"कुठल्या पलटणीचे?"

आता काय सांगणार? मी म्हणालो, "पलटण नाही. दुकान आहे."

त्याच्या बाजूचे दोन शिपाई हसले. सुभेदार हसला नाही. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी सोडतो होय? म्हणालो, साहेब, असा पोरगा तुम्हाला दिवसभरात दुसरा दिसला का, दिसला असेल तर मी गप जातो. आयुष्यभर हजार लोकांना पटवलेला माणूस मी. सुभेदार वश्याकडे वळला. "जा. मार परत. बघू या हात जातो का."

वश्या पुन्हा धावत आला. मी ओरडत होतो, हात वर, हात वर. उडी पहिल्यापेक्षा लांब पडली. हात मागे गेला. गुडघे वाकवून, पूर्ण लांबवून, मुद्दाम लावल्यासारखा त्याने काठाला हात लावला.

सुभेदार म्हणाला, "बघा. मी न्हाई नापास केला. त्याच्या हातानं केला."

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. दुसऱ्याने केलेला अन्याय परवडतो, त्याच्यावर ओरडता तरी येतं.

पुढची भरती वश्याची शेवटची होती. त्यानंतर वय उलटणार होतं. मी मिठागराच्या पाटावर त्याचा हात सोडवायला घेतला. आधी दोन्ही हातांत काठी दिली. उडीच्या वेळी ती फेकून हात मागे. मग उजवा हात गमछ्याने कमरेला बांधला. तोल जाऊन तोंडावर आपटला चिखलात. शिव्या देऊन पाहिल्या. मार दिला. एकदा मी काठावर निवडुंगाच्या काटेरी फांद्या पसरल्या. त्याने काट्यांवर हात ठेवला आणि मग ओरडला.

बांधावर बसून हातातले काटे काढताना तो म्हणाला, "उस्ताद, एक सांगू? उडी मारली ना, की मागून कुणीतरी घोटा धरलाय असं वाटतं."

"कोण धरणार? मुकादम?"

"चेष्टा नका करू. खरंच वाटतं. म्हणून हात जातो."

मला तेव्हा पटलं. खेळ अंगात आहे तोवर मागे कुणीतरी असणारच. मी त्याला सांगून टाकलं, आजपासून कबड्डी बंद. सराव नाही, गल्लीत पोरांबरोबर मजेत नाही, काही नाही.

नेमकी घाटकोपरची मोठी स्पर्धा तोंडावर होती. मंडळाचा कप्तान बाळा दुकानावर आला. बाळा एका कारखान्यात फिटर होता, वश्याला त्यानेच लहानपणी खेळात आणलं होतं.

"उस्ताद, एवढी एक स्पर्धा होऊ दे. मग न्या त्याला, लोणचं घाला त्याचं."

"एक चढाईसुद्धा नाही."

"उपांत्यपासून खेळवतो. आधीचे सामने आम्ही बघतो."

"नाही म्हटलं ना."

"अहो, तुम्ही सगळ्या गोष्टीत घासाघीस करता. मुडद्याच्या तिरडीचापण भाव कराल. हितं का नाही?"

"कारण हितं माझ्याकडे सोडण्यासारखं काही नाही."

वश्या बुटांच्या ढिगाशी उभा होता. बाळा त्याच्याकडे वळला. "तू बोल रे. तोंड आहे ना तुला?"

वश्याने माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "उस्ताद सांगतील तसं."

"वाट लागली मग," बाळा म्हणाला आणि गेला.

मंडळ पहिल्याच सामन्यात हरलं. त्यानंतर वश्याशी गल्लीत कुणी बोललं नाही. भांडण नाही, शिवीगाळ नाही, नुसतं बोलणं बंद. कॅरमच्या बोर्डाशी तो गेला की जागा भरलेली असायची. गणपतीत सगळ्यांना कामं वाटून दिली, त्याला काही नाही. आरतीला मागे उभा राहायचा आणि प्रसाद घेऊन जायचा. माझ्या दुकानापुढे संध्याकाळी दोन-चार जण टेकायचे, तेही यायचे थांबले. मला त्याची सवय होती. त्याला नव्हती.

त्याची आई एकदा दुकानात आली. "भावजी, तेका जरा खेळूक सोडा. घरात तो आता बोलतच नाय. जेवता आणि भिंतीकडे तोंड करून पडता."

मी म्हणालो, "वहिनी, भरती झाला की बोलेल."

आणि एका सकाळी हात गेला नाही. मी काहीच नवीन केलं नव्हतं. वश्या धावत आला, उडी मारली, पलीकडे दोन्ही पायांवर उतरला आणि उभा राहिला. हात अंगालगत. मी म्हटलं, परत मार. परत तसंच. दिवसभर मी खुशीत होतो. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगत होतो की माझ्या युक्तीने हात सुटला. कुठली युक्ती, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. पुढे कळलं. त्याच्या मागे कुणी उरलंच नव्हतं, मग घोटा कोण धरणार? हे काम गल्लीने केलं. माझ्या नावावर मात्र दोन्ही लागलं, हात सुटला तेही आणि वश्या एकटा पडला तेही.

पुढच्या भरतीला नेमका तोच सुभेदार. मी कुंपणाबाहेर होतो, या वेळी तोंड बंद ठेवून. त्याने मला ओळखलं. लांबूनच म्हणाला, "काय दुकानदार, मिळाली का पलटण?" मी हात जोडले. तो हसला. एवढंच आमचं बोलणं. वश्या धावला, बीम केला, फळी चालला, खड्डा ओलांडला. हात अंगालगत. पास.

पण त्या मैदानावर आमच्या गल्लीतली आणखी दोन पोरं आली होती आणि दोघंही नापास झाली होती. त्यांनी सुभेदाराला माझ्याशी हसून बोलताना पाहिलं. आम्ही घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. गेल्या वेळी उस्ताद आत जाऊन बोलला होता, या वेळी काम फत्ते. सेटिंग. चहाच्या टपरीवर बाळा म्हणाला, "कबड्डी कशाला बंद करायची मग? सरळ सुरुवातीलाच द्यायचं ना काय ते." मी त्याची कॉलर धरली. कपबश्या फुटल्या. लोकांनी सोडवलं. त्यानंतर तर खात्रीच झाली सगळ्यांची. खरं नसतं तर एवढा चिडला असता का, म्हणे.

वश्याच्या आईने पेढे आणून दिले. पदराने डोळे पुसले, उपकार झाले म्हणाली. जाताना दारात थांबली आणि आवाज खाली आणून विचारलं, "त्या सायबाक काय देवचा रवला नाय मा?"

पेढा माझ्या तोंडात होता. मी मान हलवली, नाही म्हणून.

वश्या गेला. ट्रेनिंगमधून त्याचं एक पत्र आलं, जेवण बरं आहे, पाय दुखतात, वगैरे. मी त्यानंतरही पोरं तयार केली. पण आता येणारे शिकायला येत नव्हते. पाटावर दोन उड्या मारायचे आणि बाजूला घेऊन विचारायचे, "बाकीचं कसं?" त्यांना मी बूटसुद्धा विकले नाहीत. नुकसान माझंच.

दुसऱ्या वर्षी तो सुट्टीवर आला. खांदे भरलेले, केस बारीक, चालताना पाठ ताठ. गल्लीत आता त्याच्याशी सगळे बोलत होते. वर्दीवाल्याशी कोण अबोला धरणार? मंडळाचा मैत्रीचा सामना होता, भांडुपच्या एका मंडळाशी. बाळाच म्हणाला, वश्या, उतर. मी लांब, वाण्याच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून बघत होतो. मला कुणी बोलावलं नव्हतं आणि तिथून हाकलावं असंही कुणाला वाटलं नाही.

सामना शेवटाला अटीतटीचा झाला. वश्या चढाईला गेला. दोघांना शिवला, परत फिरला, आणि एका गड्याने त्याचा घोटा पकडला. वश्या आडवा पडला. अंगावर तिघं. रेषा वीतभर. सगळी गल्ली ओरडत होती, हात, हात, हात. मीसुद्धा ओरडलो असेन.

हात अंगालगत होता. त्याने रेषेकडे पाहिलं, म्हणजे त्याला दिसत होती. पण हात हललाच नाही. दम तुटला, शिट्टी झाली.

तो उठला, गुडघे झटकले आणि हसला. बाकी कुणी हसलं नाही. पांगताना बाळा माझ्यासमोरून गेला. "झकास काम केलंत, उस्ताद," एवढंच म्हणाला. माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं, पण ते ऐकायला तो थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वश्या दुकानात आला. तो आल्यापासून पहिल्यांदाच. स्टुलावर बसला, बूट उलटेपालटे करून पाहिले. मी चहा मागवला. प्यायला. मग म्हणाला, "चला, मिठागरावर जाऊन येऊ."

आम्ही हायवे ओलांडून बांधावर गेलो. मुकादमाची माणसं ढीग झाकून निघून गेली होती. पाटाजवळ बसलो. बराच वेळ तो तिकडच्या गोष्टी सांगत होता, थंडीच्या, खाण्याच्या. मग म्हणाला, "तिकडेपण टेस्ट असतात. खड्डा असतोच."

"मग?"

"पास होतो. पहिल्या नंबरात असतो."

"होणारच. कोणी शिकवलंय?"

तो हसला नाही. "आता पास होतो हो. पण त्या दिवशी झालो होतो का, ते कळत नाही."

मला अर्थ लागेना. "म्हणजे?"

"बाळा म्हणतो. आईपण म्हणते. तुम्ही त्या सुभेदाराशी बोलला होतात ना, दोन्ही वेळा. टेस्टला उभा राहिलो की दर वेळी तेच येतं डोक्यात, की आज कळेल सगळ्यांना. हा खरा नाही म्हणून. एवढंच सांगा, उस्ताद. मी रागावणार नाही. त्याला तुम्ही काही..."

माझा राग गल्लीला माहीत आहे, डेपोला माहीत आहे, बायकोला तर आहेच. त्या वेळी तो आला नाही. दुसऱ्या कुणीही विचारलं असतं तर मी त्याला पाटात ढकलला असता.

मग म्हणालो, "काल पकड झाली तेव्हा रेषा किती लांब होती?"

"वीतभर."

"दिसत होती?"

"हो."

"आधीचा वश्या असता तर?"

"लागला असता हात."

"मग ऐक. मला सेटिंग करायचं असतं, तर तुझा हात मागे गेला काय आणि पुढे गेला काय, माझं काय बिघडत होतं? सुभेदार माझा असता तर तू खड्ड्यात लोळला असतास तरी चाललं असतं. मी तो हात राहू दिला असता. घाटकोपरची स्पर्धा खेळू दिली असती. बाळाशी वाकडं कशाला घेतलं असतं? तुझा हात घालवून मला काय मिळालं? एवढं नुकसान करून कोणी सेटिंग करतं का रे?"

इतका पक्का मुद्दा मी कुठल्या लिलावात मांडला नसेल. त्याने उजवा हात मांडीवर ठेवला, उलटा केला, तळव्याकडे पाहिलं. काट्यांचे बारीक डाग अजून होते.

"म्हणजे माझंच काम ते," तो म्हणाला.

कुठल्या सुरात म्हणाला, ते मला इतक्या वर्षांतही ठरवता आलेलं नाही. पास झालो ते माझं काम, असं म्हणाला की हात गेला ते माझं काम, असं. विचारायला हवं होतं. दुसऱ्याच्या खिशातलं मी विचारून काढतो, पण हे विचारलं नाही.

तो उठला. चपला काढून बांधावर ठेवल्या, मागे गेला आणि धावत येऊन पाट ओलांडला. पलीकडे दोन्ही पायांवर उतरला, ताठ, तिकडे शिकवतात तसा. हात अंगालगत. मला वाटलं आता उडी मारूनच परत येईल, म्हणून मी त्याच्यासाठी जागा सोडून बाजूला झालो. तो काही वेळ तिकडेच उभा राहिला, पाण्याकडे बघत. मग वळला आणि बांधाबांधाने लांबचा वळसा घेऊन अनवाणी चालत यायला लागला. त्या बाजूने यायला बराच वेळ लागतो. मी त्याच्या चपला उचलून हातात घेतल्या आणि तिथेच थांबलो.